पणजोबांचे खिशातील घड्याळ: दुरुस्त करावे, की आहे तसे ठेवावे?

प्रश्न – अंत्रुजवासी

नमस्कार. चवथीआधी फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घराची साफसफाई करताना लोखंडी कपाटात, डांबराच्या गोळ्यांच्या वासाने भरलेल्या एका पितळी डबीत, पणजोबांचे चांदीचे खिशातील घड्याळ सापडले. पणजोबा मुरगावहून कॅसलरॉककडे जाणाऱ्या रेल्वेवर नोकरीला होते आणि हे घड्याळ त्यांना रेल्वेनेच दिले होते, असे घरात सांगत आले आहेत. त्याला कागदाचा आधार मात्र काहीच नाही.

तबकडी पांढरीशुभ्र असून तिच्यावर रोमन आकडे आहेत, काटे गडद निळे आहेत आणि सहाच्या जागी सेकंदाची लहान तबकडी आहे. तीनच्या आकड्याजवळून केसासारखी एक बारीक चीर कडेपर्यंत गेली आहे. आतल्या झाकणावर फ्रेंचमध्ये ‘आंक्र’, ‘स्पिराल ब्रेगे’ आणि ‘१५ रुबी’ असे कोरलेले आहे. घड्याळ हातात घेऊन हलवले की दहा-बारा टिकटिक होतात आणि पुन्हा शांतता. चावी दोन-तीन फेऱ्यांत घट्ट होते, त्यामुळे कोणीतरी जास्त चावी दिली म्हणून ते बंद पडले असावे, असे आमच्या काकांचे मत आहे. काटे फिरवण्यासाठी चावी ओढून पाहिली, परंतु ती बाहेर येतच नाही. आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी: पूर्वी कधीतरी घरातल्याच कोणी त्यात खोबरेल तेलाचे थेंब सोडले होते.

एका दुकानात दाखवले असता, आतले मशीन काढून सेलवर चालणारे मशीन बसवावे, तबकडी नव्याने रंगवून घ्यावी आणि चांदीला यंत्रावर चकचकीत पॉलिश करावे, असा सल्ला मिळाला. मला तो पटत नाही, परंतु न पटण्याचे कारणही नीट सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर – म्हापशातील निवृत्त घड्याळजी

ताई, सर्वांत आधी ते घड्याळ हलवून चालते का हे पाहणे थांबवावे. जुने तेल वाळून त्यात धूळ मिसळली की त्याचा घासकागदासारखा लगदा होतो, आणि अशा स्थितीत चाललेल्या दहा-बारा टिकटिकीसुद्धा चक्रांच्या टोकांना खात असतात.

जास्त चावी दिल्यामुळे घड्याळ बंद पडते, हे मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर वाद घालत नाही, पण इथे लिहितो. चावी घट्ट होते याचा अर्थ स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली आहे आणि पुढची चक्रे अडकल्यामुळे ती उलगडत नाही, एवढाच असतो. उलट ही बातमी चांगली आहे. स्प्रिंग तुटली असती, तर चावी अडल्याशिवाय कितीही फिरत राहिली असती. दोष पुढे आहे, आणि खोबरेल तेलाचा उल्लेख आपण केलाच आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पहाटे बाटलीतले खोबरेल थिजते हे आपण पाहिलेच असेल. घड्याळात तेच घडते, आणि शिवाय वर्षानुवर्षे राहिल्यावर ते पिवळट-हिरव्या चिकट थराच्या रूपाने, चक्रांची टोके ज्यांत फिरतात त्या बारीक खड्यांभोवती बसते. मी अशी घड्याळे उघडली आहेत. ज्या भोकात राईच्या दाण्याच्या शंभराव्या भागाइतके तेल हवे, तिथे फणसाच्या चिकासारखा डिंक साचलेला असतो.

काटे फिरत नाहीत ही बिघाडाची खूण नसावी. चावीच्या शेजारी, केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या डबीच्या) कडेला, तांदळाच्या कणीएवढे एक बारीक बोंड दिसते का ते पाहावे. त्या काळच्या अनेक स्विस घड्याळांत काटे लावण्यासाठी चावी ओढत नसत, तर ते बोंड नखाने दाबून धरून चावी फिरवीत असत. चावी जोराने ओढणाऱ्यांनी कित्येक चांगल्या घड्याळांचे दांडे मोडले आहेत. बोंड सापडले तरी आत्ता दाबू नये. सफाई झाल्यावर दाबावे.

आता आतल्या झाकणावरच्या शब्दांविषयी. ‘आंक्र’ म्हणजे जहाजाचा नांगर. एस्केप व्हीलचे, म्हणजे घड्याळाचा वेग रोखून धरणाऱ्या दातेरी चक्राचे, दाते एकेक करून सोडणाऱ्या लिव्हरच्या दोन हातांचा आकार नांगरासारखा असतो, म्हणून त्या पद्धतीला हे नाव पडले. त्याच काळातल्या स्वस्त घड्याळांत लिव्हर नसून सिलिंडर असे. ‘सिलांद्र’ हा शब्द कोरलेला असता तर मी आपल्याला इतक्या उत्साहाने उत्तर लिहिले नसते, कारण झिजलेला सिलिंडर नव्याने करून देणारा हात आता फार दुर्मीळ झाला आहे. ‘स्पिराल ब्रेगे’ म्हणजे हेअरस्प्रिंगचा, म्हणजे मागे-पुढे डोलणाऱ्या बॅलन्स चक्राच्या बारीक स्प्रिंगचा, शेवटचा वेढा वर उचलून आत वळवलेला आहे, त्यामुळे ती श्वास घेतल्यासारखी सर्व बाजूंनी सारखी फुलते आणि घड्याळ उभे असो वा आडवे, वेळेत फरक कमी पडतो. पंधरा खड्यांचा हिशेबही सरळ आहे: बॅलन्सच्या दोन टोकांना भोकाचे दोन आणि त्यांवर झाकणाचे दोन, लिव्हरच्या हातांत दोन, बॅलन्सला धक्का घेणारा एक, आणि लिव्हर, एस्केप व्हील, चौथे व तिसरे चक्र यांच्या दोन्ही टोकांना मिळून आठ. एकूण, आपले घड्याळ चांगल्या प्रतीचे आहे. मात्र हे सगळे शब्द मशीनची प्रत सांगतात, रेल्वे सांगत नाहीत. तबकडीवर किंवा मागच्या झाकणावर रेल्वेची आद्याक्षरे अथवा अनुक्रमांक कोरलेला नसेल, तर ती हकिकत घरातली हकिकत म्हणूनच ठेवावी, कोणाला विकताना किंवा दाखवताना पुरावा म्हणून सांगू नये.

एक तपासणी मात्र आपण घरी करू शकता. नख सहज जाईल अशी खाच झाकणाच्या कडेला असते, तिथून मागची दोन्ही झाकणे उघडावीत. सुरी लावू नये. उजेडात भिंग धरून बॅलन्स चक्राकडे, म्हणजे मागे-पुढे डोलणाऱ्या मोठ्या चक्राकडे, पाहावे. घड्याळ आडवे धरल्यावर ते चक्र पातळीत राहते की एका बाजूला कलते? कलत असेल तर त्याच्या दांड्याचे टोक मोडले आहे. हे टोक एक दशांश मिलिमीटरच्या आसपास जाडीचे असते आणि धक्का शोषून घेणारी व्यवस्था घड्याळांत १९३० नंतरच्या दशकात रुळली, म्हणून त्याआधीचे घड्याळ कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडले तरी ते मोडते. असे असेल तर लेथवर नवा दांडा कातून बसवावा लागेल, आणि ते काम प्रत्येक दुकानात होत नाही.

सेलचे मशीन बसवून घेऊ नये. ते बसवण्यासाठी आतली कड कापावी लागते, काट्यांची भोके बदलतात, सेकंदाचा लहान काटा बहुधा कायमचा थांबतो, आणि जुने मशीन एका प्लास्टिकच्या पिशवीत पडून हरवते. आपल्याकडे उरेल ती पणजोबांच्या घड्याळाची चांदीची डबी. तबकडीसुद्धा रंगवू नये, कारण ती रंगवलेली नाहीच. तांब्याच्या पत्र्यावर काचेची पूड पसरून सुमारे ८०० अंश सेल्सियसला भट्टीत भाजलेले ते मीनाकाम आहे. शंभर वर्षांनीही ते पांढरेशुभ्र दिसते याचे कारण तेच. त्यावर रंग चढवणे म्हणजे चिनी मातीच्या बशीला ऑइलपेंट लावणे. चीर आहे ती राहू द्यावी, सौम्य साबणाच्या पाण्याने मळ निघाला की ती पुष्कळशी दिसेनाशी होते. तेही काम तबकडी मशीनपासून सुटी केल्यावर कारागिराने करायचे आहे, आपण नव्हे.

कारागीर निवडताना त्याच्याकडे लेथ आहे का, कोणत्या जागी कोणते तेल घालतो आणि बदललेले जुने भाग परत देईल का, एवढे विचारावे. सगळीकडे एकच तेल घालतो असे उत्तर आले तर नमस्कार करून उठावे. वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना मोबियस ९०१० सारखे पातळ तेल, संथ आणि जड चक्रांना दाट तेल, स्प्रिंगला ग्रीस, लिव्हरच्या खड्यांना वेगळे. लिव्हरच्या टोकांना मात्र कोरडेच ठेवायचे आणि हेअरस्प्रिंगला तेलाचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही.

उत्तर – मडगावकर

घड्याळजी काकांनी बहुतेक सर्व सांगितले आहे. मी व्यवसायाने घड्याळजी नाही, छंद म्हणून जुनी घड्याळे उघडतो, त्यामुळे काय करू नये याविषयीचा माझा अनुभव अधिक समृद्ध आहे.

इंटरनेटवर चित्रफिती पाहून ‘घरीच साफ करू’ असे वाटले, तर माझी एक चूक ध्यानात ठेवावी. एका स्विस घड्याळाचे सगळे भाग मी स्वच्छ होण्यासाठी रात्रभर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले. सकाळी वाटीच्या तळाशी लाल रंगाचे दोन सूक्ष्म कण दिसले. ते लिव्हरचे खडे होते. ते खडे चपड्याने, म्हणजे लाखेने चिकटवलेले असतात, आणि आमच्या घराच्या दाराला पॉलिश करणारा सुतार चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून घेतो हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे! ते खडे पुन्हा बसवणे म्हणजे नुसते चिकटवणे नव्हे. खडा केसभर पुढे-मागे झाला तर एस्केप व्हीलचा दाता एकतर अडतो किंवा निसटतो. म्हणून लिव्हर आणि बॅलन्स पेट्रोलच्या जातीच्या द्रावणात थोडा वेळच धुतात, स्पिरिटमध्ये ठेवत नाहीत.

दुसरी गोष्ट गंजाची. आपल्या भागात पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यात किनाऱ्यावर खारी हवा. पितळ तग धरते, पण चावीचा दांडा, तिच्याजवळचे पोलादी भाग आणि स्क्रू गंजतात. गंजलेल्या स्क्रूचे डोके तुटून उरलेला भाग पितळी प्लेटमध्ये अडकला, तर तो ड्रिलने उकरणाऱ्या कारागिराला थांबवावे. प्लेटवरचे एकूण एक पोलादी भाग काढून ती तुरटीच्या संपृक्त, कोमट पाण्यात ठेवली, की तुरटी पोलाद हळूहळू खाते आणि पितळाला हात लावत नाही. दीड-दोन दिवसांत स्क्रूचा काळा चिखल होऊन भोकातले आटे शाबूत राहतात. पाहताना जादूच वाटते. एखादा पोलादी भाग प्लेटवर विसरला तर तोही जातो, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर – चांदीकाम

मी घड्याळातला नाही, चांदीतला आहे, म्हणून केवळ केसविषयी लिहितो. मागच्या झाकणाच्या आत भिंगातून पाहावे. स्वित्झर्लंडने १८८० च्या कायद्याने घड्याळांच्या केसवर सरकारी छाप ठरवले. ८०० प्रतीच्या (हजारात ८०० भाग शुद्ध) चांदीवर रानकोंबड्याचा आणि ८७५ प्रतीच्या चांदीवर उभ्या अस्वलाचा. छाप मिळाला तर केस त्यानंतरची आहे, एवढे खात्रीने म्हणता येईल. यंत्रावर पॉलिश करणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत हे छाप, बिजागरीची कड आणि पाठीवरची बारीक नक्षी सपाट करतो. गेलेली चांदी परत येत नाही.

त्याच झाकणाच्या आत सुईने ओरखडल्यासारखे बारीक आकडे किंवा अक्षरेही सापडतील. ती खराबी नव्हे. पूर्वीचे घड्याळजी दुरुस्ती केल्यावर आपली खूण, कधी तारीखही, तिथे कोरून ठेवीत. आपल्या घड्याळाने किती हात पाहिले, याची ती नोंदवही आहे, आणि पॉलिशवाला ती आधी पुसेल. काळवंडलेली चांदी मऊ सुती कापडाने, मशीन आत नसताना, हलकेच पुसावी. खाचांतला काळेपणा राहू द्यावा, नक्षी त्यानेच उठून दिसते. रबरी वस्तू किंवा रबरबँड केसजवळ ठेवू नये, रबरातल्या गंधकाने चांदी अधिक काळी पडते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – अंत्रुजवासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ते बोंड सापडले! चावीच्या उजवीकडे, मळाने भरलेले, इतके लहान की इतक्या दिवसांत कोणाच्याही लक्षात आले नव्हते. रानकोंबडाही सापडला, त्याच्याशेजारी ०.८०० असा आकडा आहे. आतल्या बाजूला ओरखडलेल्या तीन ओळी आहेत. एका ओळीत केवळ ‘४-२७’ एवढे वाचता येते. रेल्वेची कोणतीही खूण कुठेच नाही, हे आमच्या काकांना सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याशी दोन दिवस बोलणे टाळले.

बॅलन्स पातळीत आहे. एका वयस्कर कारागिराने घड्याळ माझ्यासमोर उघडले. खड्यांभोवती मधासारखा पिवळा थर होता. त्यांचे म्हणणे असे की स्प्रिंग तुटलेली नाही, पण बाहेर काढल्यावर ती इंग्रजी एस अक्षरासारखी मोकळी होण्याऐवजी घट्ट वेटोळ्यातच राहिली, म्हणजे थकली आहे. त्यांच्याकडे जी नवी स्प्रिंग आहे ती रुंदीला बरोबर, परंतु जाडीला थोडी अधिक आहे, आणि ‘जास्त जोर मिळाला तर चांगलेच’ असे ते म्हणतात. हे मान्य करावे का?

उत्तर – म्हापशातील निवृत्त घड्याळजी

मान्य करू नये, आणि त्यांचा मान राखूनच नकार द्यावा, कारण आपल्यासमोर घड्याळ उघडून दाखवणारा कारागीर प्रामाणिक आहे. स्प्रिंगचा जोर जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दहा टक्क्यांनी वाढली की जोर ३३ टक्क्यांनी वाढतो. तेवढ्या जोराने बॅलन्स आपल्या मर्यादेपलीकडे झेपावतो, त्याचा खडा लिव्हरला उलट्या बाजूने जाऊन आदळतो, आणि टिकटिकीऐवजी घोडा टापा मारत असल्यासारखा आवाज येऊन घड्याळ तासाला काही मिनिटे पुढे पळते. शंभर वर्षे झिजलेल्या दात्यांवर तो भार पडतो हे वेगळेच.

जुन्या स्प्रिंगची रुंदी, जाडी आणि लांबी मापून, तसेच ती ज्या डबीत बसते तिचा आतला व्यास मापून, त्याच मापाची पांढऱ्या मिश्रधातूची स्प्रिंग मागवायला सांगावी. ती जुन्या निळ्या पोलादासारखी थकत नाही आणि आपल्या हवेत गंजतही नाही. शंका वाटली तर किंचित पातळ चालेल, जाड नको. डबीत बसवल्यावर साधारण एक तृतीयांश जागा स्प्रिंगची, एक तृतीयांश मधल्या गाभ्याची आणि एक तृतीयांश मोकळी, हा आमचा जुना ठोकताळा आहे. आणि ती बोटांनी न भरता वाइंडरने, म्हणजे स्प्रिंग गुंडाळण्याच्या साधनाने, भरायला सांगावी. बोटांनी भरलेली स्प्रिंग शंकूसारखी वाकते आणि डबीच्या झाकणाला घासत राहते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद – अंत्रुजवासी

स्प्रिंग मागवली, ती येण्यास पाच आठवडे लागले. परवा घड्याळ घरी आले. जुनी स्प्रिंग कागदात गुंडाळून परत मिळाली. रात्री पलंगाजवळच्या मेजावर आडवे ठेवले तर दिवसाला सुमारे पन्नास सेकंद पुढे जाते आणि भिंतीवरच्या खिळ्याला साखळीने टांगले तर दीड मिनिट. आत ‘ए’ आणि ‘आर’ या अक्षरांमध्ये एक बारीक दांडी दिसते. ती सरकवून वेळ बरोबर करता येईल का?

उत्तर – मडगावकर

दांडी ‘आर’कडे सरकवली की घड्याळ मंद होते आणि ‘ए’कडे सरकवली की जलद, परंतु अजून महिनाभर तिला हात लावू नये. नवे तेल आणि नवी स्प्रिंग बसली की चाल थोडी बदलते, आणि ती दांडी सरकवताना चिमटा निसटला तर खालची हेअरस्प्रिंग गेलीच म्हणून समजावे. मी एक घालवली आहे.

टांगल्यावर फरक अधिक पडतो त्याचे कारण बहुधा खिळा आहे. साखळीला मोकळे टांगलेले घड्याळ बॅलन्सच्या झोक्याबरोबर स्वतःही किंचित डोलू लागते. काळोखात टॉर्चचा प्रकाश त्याच्या काचेवर पाडून भिंतीवरचा कवडसा पाहिला तर तो थरथरताना दिसेल. म्हणून त्याला पाठ टेकेल असा लहानसा लाकडी उतरता ठोकळा करून घ्यावा, वरचे कडे त्यावरच्या हुकात अडकवावे आणि रोज सकाळी एकाच वेळी पूर्ण चावी द्यावी. मोबाइलच्या स्पीकरजवळ ठेवू नये, हेअरस्प्रिंगचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटले तर ते दिवसाला नव्हे, तासाला मिनिटे पुढे जाईल. महिन्यानंतरचे आकडे, टांगलेले आणि आडवे असे दोन्ही, इथेच लिहावेत. मग दांडी किती सरकवायची ते त्याच कारागिराकडून करून घेऊ.